सीआरपी अठ्ठावन्न

वैजनाथ हुडगेच्या हाताला नांदेडात नाव आहे. लेकराची शीर सापडत नाही, म्हाताऱ्या बाईच्या हाताला तीनदा सुई टोचून झाली, वॉर्डातल्या सिस्टरनं हात टेकले, की तळमजल्यावरच्या लॅबमध्ये निरोप जातो, हुडगेमामाला पाठवा. मामा येतात, खिशातला चष्मा नाकावर चढवतात, पेशंटला त्याचं गाव विचारतात, आणि गावाचं नाव सांगून होईस्तोवर रक्त नळीत आलेलं असतं. एका मोठ्या दवाखान्यात तेवीस वर्षं तो हेच काम करतोय. मूळचा उदगीर तालुक्यातला, घरी कोरडवाहू शेती. पोरानं मास्तर व्हावं असं वडिलांना वाटायचं, पण पोरगा सुईत रमला.

दुसरं नाव त्याला होतं ते आकडा वाचण्याचं. लॅबमध्ये सीआरपी नावाची एक तपासणी होते. अंगात कुठं सूज आली, जखम चिघळली, पू धरला, की लिव्हर एक प्रथिन रक्तात सोडतं. ते किती आहे, त्याचा हा आकडा. सहाच्या खाली असला की माणूस निवांत. शिकायला आलेल्या पोरापोरींना वैजनाथ सांगायचा, "ही सीआरपी लई सरळ बाई हाय. चोराचं नाव सांगत न्हाई, पत्ता सांगत न्हाई. पर घरात चोर शिरलाय का न्हाई, ते कधी खोटं बोलत न्हाई."

एकदा कंधारकडचा एक एसटी कंडक्टर आठ दिवस तापानं फणफणत पडला होता. मलेरिया नाही, टायफॉईड नाही, डॉक्टर बुचकळ्यात पडलेले. सीआरपी आली सत्तर. वैजनाथ रिपोर्ट टाईप करत बसला नाही. जिना चढून वर वॉर्डात गेला आणि म्हणाला, "कुठंतरी पू धरलाय. यांचे पायमोजे काढा बरं." टाचेत बाभळीचा काटा मोडून आतल्या आत सडला होता. तेव्हापासून पन्नासच्या वर आकडा गेला की मामा जिना चढतात, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक झालं. वैजनाथलाही ते आवडायचं. का नाही आवडणार?

आणि याच माणसानं सख्ख्या बहिणीचा आकडा अठ्ठावन्न आलेला पाहिला, आणि जिना चढायचा सोडून वजिराबादच्या बाजारातून अर्धा किलो पेढे आणले.

हे कसं घडलं ते सांगायचं तर चोवीस वर्षं मागं, लातूरला जावं लागेल.

महादेवी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. दहावीला केंद्रात पहिली आली. वडील म्हणत होते, पोरीला उदगीरलाच ठेवू, डोळ्यासमोर राहील. वैजनाथ तेव्हा नांदेडला लॅबचा कोर्स करत होता आणि चार पुस्तकं जास्त वाचल्याचा त्याला भारी ताठा होता. "लातूरला टाका," तो म्हणाला, "डॉक्टर व्हईल." त्याच्या शब्दाखातर वडिलांनी तिला ट्युशन एरियातल्या एका खोलीत दोन मुलींबरोबर ठेवलं. पत्र्याची पेटी, स्टोव्ह, गादी, सगळं वैजनाथनंच एसटीच्या टपावर चढवून नेलं. पेटीवर पांढऱ्या रंगानं तिचं नावही त्यानंच घातलं होतं.

बारावीच्या वर्षी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, एसटीडी बूथवरून तिचा फोन आला. वैजनाथच्या घरमालकाकडं फोन होता, तिथं. ती हळू आवाजात बोलत होती. "आण्णा, मला घिऊन जा. भिंतीपल्याडच्या पोरी माझ्याबद्दल बोलून राहिल्या. मी काय वाचते, ते त्यंला आधीच ठाऊक असतंय."

घरमालकीण समोर उभी राहून ऐकत होती, वैजनाथला दुपारचं प्रॅक्टिकल होतं. तो म्हणाला, "परीक्षा आली की तुझी नाटकं सुरू. मुकाट अभ्यास कर." आणि फोन ठेवला. वडिलांना त्यानं काही कळवलं नाही. त्यांनी लगेच जाऊन तिला आणलं असतं आणि लातूरचा हट्ट कुणाचा होता, तेही विचारलं असतं.

तिच्या खोलीच्या मालकाचा फोन आला तो चौतीस दिवसांनी. वैजनाथ लातूरला पोचला, तेव्हा महादेवी एका दालमिलच्या भिंतीला कान लावून अनवाणी उभी होती. आत मशीन चालू होतं, आणि मशीन तिचं नाव घेत होतं म्हणे. तिनं भावाला ओळखलं, पण त्याच्याशी ती बोलली नाही. तिची पेटी भरून, कुलूप लावून, खोलीच्या दाराशी ठेवलेली होती. वैजनाथला वाटलं, खोलीच्या मालकानंच भरली असेल.

पुढं दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, निदान झालं. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात कुणाला धड म्हणता यायचा नाही, म्हणून अव्वा, म्हणजे त्यांची आई, त्याला नुसतं 'महादेवीचं' म्हणायची. लातूरचे एक डॉक्टर जाता जाता बोलून गेले होते, "जरा लवकर आणायला हवं होतं." ते बोलले आणि पुढच्या पेशंटकडं वळले. वैजनाथ मात्र तिथंच उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर अजून तिथंच उभा आहे. त्या फोनबद्दल त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईवडिलांना नाही, लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. दर दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात त्याचं जेवण कमी होतं. उज्वलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटायचं की फराळानं पित्त होतं.

वडील गेले. अव्वानं, लक्ष्मीबाईनं, लेकीला वीस वर्षं सांभाळलं. तीन वर्षांपूर्वी तीही गेली, तेव्हा वैजनाथनं महादेवीला नांदेडला आपल्या घरी आणलं, तरोड्याला. दोन खोल्या, पुढं ओटा. महादेवी शांत असायची. मेथी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची, गोळी हातावर दिली की घ्यायची. कधी आवाज यायचे, पण ती त्यांच्याशी भांडायची नाही. शेजारणीचं जास्त मनावर घेऊ नये, तसं करून टाकायची.

या वर्षी होळीच्या सुमाराला ती म्हणाली, "आण्णा, दाढंतली बाई ठोकून राहिली."

"कोण बाई?"

"हितली." तिनं उजवा गाल दाखवला. "सकाळच्याला कमी ठोकती. काई खाल्लं का लई ठोकती."

आता, नवीन आवाज म्हणजे आजार वाढला, एवढं वैजनाथला चोवीस वर्षांत कळलं होतं. तो तिला बाह्यरुग्ण विभागात घेऊन गेला. तिथं डॉक्टर ऋतुजा मॅडम होत्या, मनोविकाराच्या. वयानं तरुण, लातूरच्याच, आणि वैजनाथला सगळ्यांसारखं मामाच म्हणायच्या. महादेवी बाकावर बसली. वैजनाथ टेबलाशी वाकून बोलला, "मॅडम, आवाज वाढलेत. आता एक बाई दाढंत बसून बोलती म्हणं." मॅडमनी गोळी दुप्पट केली. महादेवी दुपारची झोपायला लागली, मग सकाळीही. ठोकणाऱ्या बाईबद्दल बोलणं कमी झालं, आणि वैजनाथला हायसं वाटलं.

उज्वलानं मात्र एकदा सांगितलं होतं. "अहो, ती भाकरी चावंना झाली. वरणात कुस्करून गिळून राहिली. एकदा तोंडात बघा की."

"तिचं खाण्याचं खूळ तुला नवं हाय का?" वैजनाथ म्हणाला. घरात लॅबवाला तो एकटाच. त्याच्या बोलण्यावर कोण बोलणार?

पावसाळा लागल्यावर ऋतुजा मॅडमनी एक अभ्यास सुरू केला. वर्षानुवर्षं गंभीर मानसिक आजार असलेले साठ जण आणि धडधाकट साठ जण, अशा सगळ्यांचं रक्त घ्यायचं आणि सूज दाखवणारे आकडे तपासायचे. त्यासाठी त्या स्वतः लॅबमध्ये येऊन सगळ्यांना समजावून गेल्या. "अशा काही पेशंटांच्या रक्तात हे आकडे थोडे वाढलेले दिसतात," त्या म्हणाल्या. "आजारामुळं वाढतात, की आधी वाढतात आणि मग आजार होतो, की वजन, तंबाखू, झोप यांच्यामुळं, ते अजून नीट कळलेलं नाही. आपण फक्त मोजायचं."

वैजनाथनं यातलं निम्मंच ऐकलं. रक्तात दिसतं, एवढं ऐकलं आणि त्याचं लक्ष उडालं. रक्तात असेल तर ते आधीपासूनच असणार. लातूरच्या आधीपासून, पेटीवर नाव घालायच्या आधीपासून. मग चौतीस दिवसांनी काय फरक पडला असता? त्या दिवशी फोनवर तो काहीही बोलला असता, तरी जे व्हायचं ते झालंच असतं. बावळट माणूस. तेवीस वर्षं रक्त हाताळून त्याला कळायला हवं होतं की नळीतलं रक्त आजचं असतं, चोवीस वर्षांपूर्वीचं नसतं. पण त्याला तो आकडा हवा होता. भुकेलेल्यानं ताटाकडं बघावं तसा तो त्या अभ्यासाकडं बघत होता.

"माझ्या बहिणीलाबी घ्या, मॅडम," तो म्हणाला.

प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म होता. काउंटरवर बसून एक ताई पेशंटला स्वतः प्रश्न विचारायची आणि भरायची. वैजनाथ म्हणाला, "आमचं घरचंच हाय, मी घरून भरून आणतो." दवाखान्यातल्या माणसाला रांग नको वाटते, काउंटर नको वाटतं. आपल्या माणसाचं काम आपण मधल्या मधे करून टाकतो आणि त्यालाच ओळख म्हणतो. ताईनं फॉर्म देऊन टाकला.

सकाळी ओट्यावर बसून त्यानं तो भरला. महादेवीनं सही केली. तिची सही अजून बारावीतल्या मुलीसारखी आहे, गोल गोल. बाकीचं वैजनाथनं पटापट लिहिलं. वय, वजन, गोळी. तंबाखू, नाही. मग एक ओळ होती: गेल्या महिन्यात ताप, जखम, दातदुखी किंवा इतर दुखणं आहे का? पेशंटला विचारून लिहावे.

महादेवी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. गालाला हात लावून.

वैजनाथनं 'नाही' लिहिलं.

मग त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. एका टोचणीत रक्त आलं. महादेवी नळीकडं बघत म्हणाली, "माझं रक्त कशाला, आण्णा?"

"यात तुझा काई दोष न्हाई, हे दाखवाया."

तुझा म्हणाला, पण त्याच्या मनात कोणाचा दोष होता, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. महादेवीनं मान हलवली आणि कापूस दाबून धरला.

आधी लावलेल्या चाळीस नमुन्यांचे आकडे दोन, चार, सहा असे होते. एक सर्वांत मोठा, तो नऊ. एक्केचाळीस नंबरची नळी महादेवीची. मशीननं आकडा दाखवला, अठ्ठावन्न. वैजनाथनं पुन्हा लावून बघितलं. अठ्ठावन्न. त्याच्या छातीत असं काही मोकळं झालं की तो स्टुलावर बसूनच राहिला. लॅबमधली पुनम, त्याच्या हाताखालची, म्हणाली, "मामा, बरं वाटंना का?"

"लई बरं वाटून राहिलं," वैजनाथ म्हणाला. दुसऱ्या कुणाची नळी असती तर एव्हाना तो जिन्याच्या पाचव्या पायरीवर असता. आज त्यानं एप्रन काढला, सुट्टी टाकली आणि ऑटोनं वजिराबादेत गेला.

पेढ्यांचा पुडा बघून उज्वला म्हणाली, "कशाचे?"

"महादेवीचा रिपोर्ट आला."

"बरी झाली का ती?"

"बरी न्हाई. पर रक्तातच व्हतं, उज्वला. पैल्यापासून रक्तातच." आणि मग, सुटल्यासारखं वाटत होतं म्हणून, त्यानं तिला लातूरच्या फोनची सगळी हकीकत सांगितली. घरमालकीण, प्रॅक्टिकल, नाटकं हा शब्द, चौतीस दिवस. इतकी वर्षं दातांआड धरलेलं पाच मिनिटांत सांगून झालं. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे माझ्यानं काई बिघडलं न्हाई. बघ."

उज्वलानं पुड्याचा दोरा सोडला. "आज कळून राहिलं मला, दिवाळीनंतर तुमाला काय व्हतंय ते," एवढंच म्हणाली. आणि मग, "तिला द्या आधी पेढा."

महादेवीनं पेढा तोंडात घातला. दोनदा तोंड हललं असेल. मग ती गालाला दोन्ही हात लावून खाली बसली, डोळे घट्ट मिटून, आणि तिच्या बोटांवरून पाणी ओघळायला लागलं.

वैजनाथ तिच्याजवळ वाकला आणि काय विचारलं त्यानं? "आवाज आला का, महादेवी?"

ते वाक्य पुढं त्याच्या कानात किती दिवस वाजत राहिलं, ते त्यालाच माहीत. दाढेच्या मुळापर्यंत जाऊन पोचेल असा गोड पेढा त्यानं आपल्या हातानं दिला होता आणि वर विचारत होता, आवाज आला का.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऋतुजा मॅडम लॅबमध्ये आल्या. हातात यादी होती. "मामा, एक्केचाळीस नंबर कुणाचा?"

"माझ्या बहिणीचा."

"आकडा बघितलात ना?"

"बघितला. दोनदा लावला."

"मग तुम्ही वर कसे आला नाहीत?" त्या रागावल्या नव्हत्या, खरंच नवल करत होत्या. "असा आकडा दिसला की तुम्ही स्वतः जिना चढता. मी काल वाट बघत होते. दहाच्या वर गेलं की पेशंट आपल्या अभ्यासात बसत नाही. त्या आजारानं एवढा वाढत नाही हो. अठ्ठावन्न म्हणजे..."

"कुठंतरी पू धरलाय," वैजनाथ म्हणाला.

तेवीस वर्षांत हे वाक्य त्यानं कितीदा म्हटलं असेल, पण आपल्या घरातल्या माणसाबद्दल पहिल्यांदाच. पुनम मान खाली घालून नळ्यांवर नंबर लिहीत राहिली.

मॅडमनी फॉर्म काढला. "इथं तर दुखणं नाही असं आहे. पेशंटनं सांगितलं का?"

"अक्षर माझं हाय," वैजनाथ म्हणाला. "तिला मी विचारलंच न्हाई."

घरी जाताना ऑटोत त्याच्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट यायला लागली. उशीवर डाव्या कुशीला झोपणं. गार पाणी नको म्हणणं. पदरानं गाल बांधून घेणं. वरणात कुस्करलेली भाकरी. काई खाल्लं का लई ठोकती, असं तिनं सरळ मराठीत सांगितलं होतं, आणखी कसं सांगायचं असतं? कंडक्टर म्हणाला असता तर त्यानं लगेच तोंड उघडायला लावलं असतं. ती महादेवी होती म्हणून तिच्या दाढेतलं दुखणंसुद्धा त्यानं तिच्या डोक्यात नेऊन टाकलं.

घरी त्यानं मोबाईलचा उजेड धरून तिचं तोंड बघितलं. उजवीकडं खाली शेवटून दुसरी दाढ काळी पडून पोखरलेली, आणि हिरडीवर टपोरा फोड. वासही येत होता. हा वास महिनाभर घरात असणार. तो त्यालाही आला असणार.

डॉक्टर लेनमधल्या दातांच्या डॉक्टरांनी फोड उघडून पू काढला. एक्स-रे बघून ते म्हणाले, "चार-पाच महिन्यांचं तरी आहे. इतके दिवस काढले कसे यांनी? काही बोलल्या नाहीत का?"

वैजनाथच्या आधी खुर्चीवरून, अर्धं तोंड बधिर असलेली महादेवी म्हणाली, "मी सांगून राहिले व्हते. दाढंतली बाई ठोकती म्हणून." तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत, ते बरं झालं. वैजनाथ बाहेर येऊन बाकावर बसला आणि रडला. शेजारी एक म्हातारा गालाला रुमाल बांधून बसला होता. त्यानं समजूत घातली, "उगं राव्हा, एका दातानं काई माणूस मरत न्हाई."

आठवड्यानं दाढ काढली. ऋतुजा मॅडमनी वाढवलेली गोळी पूर्ववत केली. वैजनाथ त्यांच्यापुढं उभा राहून माफी मागायला लागला, तर त्या म्हणाल्या, "मामा, मीही काही वेगळं केलं नाही. ती बाकावर बसली होती आणि मी तुमचं ऐकून डोस वाढवला. तिला एक प्रश्न विचारला नाही." वैजनाथला वाटलं होतं, दोष वाटून घेतला की हलका होईल. तसं झालं नाही.

महादेवीची झोप उतरली. ती पुन्हा मेथी निवडायला लागली, भाकरी चावायला लागली, आणि एकदा तर उज्वलाला म्हणाली, पीठ जाड दळून आणलंय. आवाज पूर्वीसारखे अधूनमधून यायचे. दाढेतली बाई मात्र गेली होती. वैजनाथ रोज सकाळी कामाला निघताना तिच्यासमोर उभा राहून विचारायचा, "काई दुखून राहिलं का?" इतक्यांदा विचारायचा की ती कंटाळून आत जायची.

दीड महिन्यानं पुन्हा तपासलं. सीआरपी आली चार.

"आता बसते अभ्यासात," ऋतुजा मॅडम म्हणाल्या. "तिची इच्छा असेल तर."

"मॅडम, हे चार म्हंजे तिच्या आजारामुळं का?"

"एका माणसाच्या चारवरून काहीच सांगता येत नाही, मामा. माझेही चार निघतील. साठ आणि साठ जणांचं एकत्र बघितलं तर थोडंफार कळेल. तेही आजचं कळेल. सुरुवात कशानं झाली, ते यातून नाही कळणार."

हे त्या आधीही म्हणाल्या होत्या. या वेळी वैजनाथनं पूर्ण ऐकलं. नवा फॉर्म घेऊन तो घरी आला.

रविवार होता. महादेवी ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला. "पुन्ना रक्त द्यायचं का? तुला काई उपयोग न्हाई त्याचा. पुढं कुणाला तरी झाला तर झाला. नको म्हणालीस तरी चालतंय."

तिनं थोडा विचार केला. "घे की. मला टोचलेलं कळतबी न्हाई."

फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्यानं पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. उज्वला आतून बघत होती. "महादेवी," तो म्हणाला, "लातूरहून तू मला फोन केलता. बारावीला. याद हाय का?"

"हाव."

"मी आलो न्हाई."

"हाव. न्हाई आलास." तिचे हात पानं खुडत होते. "तू म्हनलास नाटकं. मला वाटलं, फोनवर मानसं अयकून राहिलीत, म्हणून तू तसं म्हनून राहिलास. मनातून यणार हाय. म्हणून मी रोज सकाळी पेटी भरायचे. संध्याकाळी एसटी गेली का सोडायचे. पुस्तकं लागायची, कपडे लागायचे. पुन्ना सकाळी भरायचे."

"रोज?"

"रोज. कुलूप लावून दाराम्होरं ठिवायचे. तुला उशीर व्हवू नाई म्हणून."

खोलीच्या दाराशी ठेवलेली पेटी. पांढऱ्या रंगात महादेवीचं नाव. चौतीस वेळा भरलेली. ती उचलून एसटीवर चढवताना, भरून ठेवलीय, आपला वेळ वाचला, असं त्याला वाटलं होतं. मला माफ कर म्हणावं, तर तिनं काही धरूनच ठेवलं नव्हतं. माफ करायला आधी राग यावा लागतो, आणि ती तर अजून त्याची बाजू सांगत होती. त्याला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. कोणत्याही मशीनमध्ये लावून त्या लाजेचा आकडा काढता येणार नव्हता आणि कोणत्याही मशीननं तो सहाच्या खाली आणून दाखवला नसता.

महादेवीनं अंबाडीच्या काड्या बाजूला सारल्या. "फारम भर की, आण्णा. ऊन यायलं हितं."

त्यानं टोपण काढलं. या वेळी एकेक ओळ मोठ्यानं वाचली, विचारली आणि ती बोलेपर्यंत थांबला. वय तिनं बरोबर सांगितलं. तंबाखूला ती हसली. गोळीचं नाव तिला पाठ होतं, हे वैजनाथला माहीतच नव्हतं.

"गेल्या महिन्यात ताप, जखम, दातदुखी किंवा इतर दुखणं आहे का?"

महादेवीनं आधी जिभेनं तोंडात उजवीकडची रिकामी जागा चाचपली. मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवली. गुडघ्यांवर हात फिरवला. डोळे मिटून घेतले आणि सगळं अंग विचारून यावं इतका वेळ घेतला. वैजनाथ पेन धरून बसून राहिला. उज्वला दारात येऊन थांबली होती.

"आज न्हाई," महादेवी म्हणाली.

रकान्यात एका शब्दापुरतीच जागा होती. वैजनाथनं बारीक अक्षरात दोन्ही शब्द लिहिले.